दूरसंचार कंपनीचा तिमाही निकाल: शेवटची ओळ आधी वाचू नये

एप्रिल ते जून २०२१ या तीन महिन्यांत स्पेनच्या टेलिफोनिका कंपनीला सुमारे ७.७ अब्ज युरोंचा निव्वळ नफा झाला. तिच्या इतिहासातला हा सर्वांत मोठा तिमाही नफा होता. पण त्या तीन महिन्यांत तिचे ग्राहक अचानक फोनवर जास्त बोलू लागले होते, असे काही नव्हते. कंपनीने टेल्शियस या उपकंपनीचे मोबाइल टॉवर अमेरिकन टॉवर या कंपनीला विकले होते, आणि ब्रिटनमधला आपला ओटू हा व्यवसाय व्हर्जिन मीडियाशी जोडून निम्म्या भागीदारीची नवी कंपनी उभी केली होती. नफ्याचा मोठा भाग या दोन व्यवहारांतून आला होता. याच्या अगदी उलट उदाहरण ब्रिटनच्या व्होडाफोनचे. मार्च २००६ मध्ये संपलेल्या आर्थिक वर्षात तिने सुमारे २२ अब्ज पौंडांचा तोटा दाखवला, आणि त्याच वर्षी तिचा महसूलही वाढला होता व ग्राहकही.

बहुराष्ट्रीय दूरसंचार कंपन्यांचे निकाल जाहीर झाले की बातमीच्या मथळ्यात बहुधा हीच ओळ येते: नफा इतका किंवा तोटा तितका. वास्तविक निकालपत्रातल्या सगळ्या आकड्यांमध्ये चालू व्यवसायाविषयी सर्वांत कमी सांगणारा आकडा तोच असतो. तो खोटा नसतो. मात्र त्यात वीस वर्षांपूर्वीचे निर्णय, कर्जाचे व्याज, करांचे वाद, विकलेली मालमत्ता आणि परक्या देशांतल्या चलनांची घसरण असे सारे काही मिसळलेले असते. म्हणून निकाल वरून खाली वाचत यावे आणि प्रत्येक पायरीवर काय वजा झाले ते पाहावे.

निकालपत्रातले दोन हिशेब

एखाद्या मालकाच्या बसगाड्या निरनिराळ्या मार्गांवर धावत आहेत, असे समजा. किती प्रवासी चढले, किती उतरले आणि सरासरी तिकीट कितीचे निघाले, हा झाला एक हिशेब. गल्ल्यात किती जमले, डिझेल आणि पगारावर किती गेले आणि हप्ते भरून हाती काय उरले, हा दुसरा. दूरसंचार कंपनीच्या निकालपत्रातही असेच दोन भाग असतात. ग्राहकसंख्या, प्रत्येकामागचा सरासरी महसूल, डेटाचा वापर ही झाली कामकाजाची आकडेवारी. महसूल, खर्च, कर्ज, नफा ही आर्थिक आकडेवारी. पैशाच्या हिशेबाला लेखामानकांची चौकट असते. कामकाजाच्या आकड्यांना तेवढी कडक चौकट नसते. त्यांच्या व्याख्या बऱ्याच अंशी कंपनी स्वतःच ठरवते. त्यामुळे आकड्याआधी त्याची तळटीप वाचण्याला इथे पर्याय नाही.

ग्राहक किती, हे ठरवायचे कसे?

शाळेत पटावरची संख्या वेगळी आणि वर्गातली हजेरी वेगळी. मोबाइल ग्राहकांचेही तसेच आहे. विकलेली प्रत्येक सिम म्हणजे ग्राहक नव्हे, कारण एकेका व्यक्तीकडे दोन-दोन सिम असतात आणि त्यांतली एक कित्येकदा कपाटात पडून असते. म्हणून कंपन्या 'सक्रिय ग्राहक' मोजतात. पण सक्रिय कोणाला म्हणायचे? काही कंपन्या गेल्या ३० दिवसांत एकदा तरी सेवा वापरलेल्याला सक्रिय मानतात, तर काही ९० दिवसांपर्यंत वाट पाहतात. साहजिकच ९० दिवसांची मुदत धरली की संख्या फुगलेली दिसते. दोन कंपन्यांची ग्राहकसंख्या शेजारी ठेवून कोण मोठी हे ठरवण्याआधी ही एक ओळ पाहिली नाही, तर तुलना निरर्थक ठरते.

प्रत्येक ग्राहकामागे दरमहा मिळणाऱ्या सरासरी महसुलाला 'आर्पू' म्हणतात. दूरसंचार क्षेत्रातला हा सर्वाधिक चर्चेतला आकडा, आणि सर्वाधिक गैरसमजही याच्याबद्दलच आहेत. समजा, शंभर ग्राहक दरमहा प्रत्येकी १० एकक रक्कम देतात. एकूण झाले १,०००. आता कंपनी दुर्गम भागात पोहोचली आणि प्रत्येकी ४ एकक देणारे वीस नवे ग्राहक आले. एकूण झाले १,०८०, पण सरासरी उतरली ९ वर. आर्पू दहा टक्क्यांनी घटला आणि महसूल आठ टक्क्यांनी वाढला. ही घट वाईट म्हणता येणार नाही. उलट बाजूही पाहू. शंभर सिमांपैकी दहा बंद पडलेल्या आहेत, उरलेल्या नव्वद जणांकडून ९०० येतात, म्हणजे आर्पू ९. कंपनीने त्या दहा सिम यादीतून काढून टाकल्या की आर्पू १० होतो. अकरा टक्के 'वाढ' झाली, पण गल्ल्यात एक पैसाही जास्त आला नाही. आर्पू नेहमी एकूण महसूल आणि ग्राहकसंख्या यांच्या सोबतच वाचायचा असतो, तो याच कारणाने.

तिसरा आकडा ग्राहकगळतीचा. तिला या व्यवसायात 'चर्न' म्हणतात. महिन्याला तीन टक्के गळती ऐकायला किरकोळ वाटते. परंतु शंभर ग्राहकांची संख्या नुसती शंभरावर टिकवायची, तर वर्षभरात ३६ नवे ग्राहक आणावे लागतात, आणि प्रत्येक नव्या ग्राहकामागे विक्रेत्याचे कमिशन, जाहिरात आणि सवलत यांचा खर्च असतो. प्रीपेड ग्राहकांचे प्रमाण जास्त असलेल्या देशांत ही गळती मोठी असते, कारण तिथे कंपनी बदलायला ना करार मोडावा लागतो, ना कोणाला कळवावे लागते.

महसुलातही दोन भाग

एकूण महसुलात कॉल, डेटा, रोमिंग यांतून येणारा सेवा महसूल असतो आणि हँडसेट विकून आलेले पैसेही असतात. हँडसेटच्या विक्रीत फारसे काही सुटत नाही. नवा लोकप्रिय फोन बाजारात आला की ही रक्कम उसळते आणि पुढच्या तिमाहीत बसते. विश्लेषक सेवा महसुलावर नजर ठेवतात ते यासाठीच. तुलनाही मागच्या तिमाहीशी करण्यापेक्षा गेल्या वर्षीच्या याच तिमाहीशी करावी. सुट्ट्यांच्या हंगामात रोमिंग वाढते, आणि फेब्रुवारीचे दोन-तीन दिवस कमी असणेसुद्धा आकड्यांत दिसते.

एबिट्डा म्हणजे काय, आणि त्याच्यावर कितपत विसंबावे?

व्याज, कर, यंत्रसामग्रीचा घसारा आणि परवान्यांसारख्या अदृश्य मालमत्तेची वर्षावर्षाला होणारी वजावट, हे चारही खर्च धरण्यापूर्वीचा नफा म्हणजे एबिट्डा. बसमालकाच्या भाषेत सांगायचे तर तिकिटांच्या गल्ल्यातून डिझेल, चालक-वाहकांचे पगार आणि धुलाई-दुरुस्ती वजा करून उरलेली रक्कम. गाडीच्या कर्जाचे व्याज त्यात नाही, गाडीची झीजही नाही. हे मोजमाप रूढ केले ते अमेरिकेतल्या केबल टीव्हीच्या व्यवसायाने, विशेषतः टीसीआय या कंपनीच्या जॉन मलोन यांनी. जाळे उभारायला प्रचंड कर्ज घ्यायचे, त्यामुळे घसारा आणि व्याज इतके मोठे की निव्वळ नफा कधी दिसायचाच नाही. मग व्यवसाय मुळात चालतो आहे की नाही हे दाखवायला दुसरे काहीतरी हवे होते. दूरसंचार क्षेत्राची रचना तशीच असल्याने तिथेही ते रुळले.

इथे कोणीही विचारील की झीज वगळून काढलेला नफा हा नफा कसा? आक्षेप रास्त आहे. टॉवरवरची उपकरणे जुनी होतात, थ्रीजी जाऊन फोरजी येते, फोरजीनंतर फाइव्हजी, आणि दर वेळी नवा खर्च उभा राहतो. या कंपन्यांचा भांडवली खर्च साधारणपणे महसुलाच्या पंधरा ते वीस टक्के असतो. शिवाय भांडवली खर्चाच्या ओळीखाली कित्येकदा बारीक अक्षरांत 'स्पेक्ट्रम वगळून' असे लिहिलेले असते. स्पेक्ट्रम म्हणजे सरकारकडून लिलावात मिळवलेला रेडिओलहरींचा वापरहक्क. २००० साली ब्रिटनमधल्या थ्रीजी लिलावात कंपन्यांनी मिळून सुमारे २२.५ अब्ज पौंड मोजले होते. एवढी रक्कम 'वगळून' काढलेले गुणोत्तर नीटनेटके दिसले, तर त्यात नवल नाही.

एबिट्डाचा दुबळेपणा जगाला सर्वांत ठळकपणे दिसला तो जून २००२ मध्ये. अमेरिकेच्या वर्ल्डकॉम या दूरसंचार कंपनीने दुसऱ्या कंपन्यांच्या दूरध्वनी लाइन वापरण्यासाठी दिलेले भाडे हा रोजचा खर्च असूनही तो भांडवली खर्च म्हणून नोंदवला होता. पहिल्याच कबुलीत ही रक्कम ३.८ अब्ज डॉलर निघाली. पुढे ती कितीतरी वाढली. हे म्हणजे डिझेलचे बिल गाडीच्या खरेदी किमतीत लिहिण्यासारखे झाले. डिझेल एबिट्डातून वजा होते, गाडीची किंमत होत नाही. म्हणून एबिट्डा फुगला, आणि महिन्याभरात कंपनी दिवाळखोरीत निघाली.

कायदेशीर मार्गानेही हा आकडा हलू शकतो. १ जानेवारी २०१९ पासून लागू झालेल्या आंतरराष्ट्रीय लेखामानकानुसार टॉवरसाठी केलेले दीर्घ मुदतीचे भाडेकरार ताळेबंदात मालमत्ता आणि देणे म्हणून दाखवावे लागतात. पूर्वी भाडे थेट खर्चात जात असे. आता त्याचे घसारा आणि व्याज असे दोन तुकडे होतात, आणि हे दोन्ही एबिट्डाच्या खाली पडतात. परिणामी भाड्याच्या टॉवरांवर चालणाऱ्या कंपन्यांचा एबिट्डा एका रात्रीत वाढला, तोही कामकाजात काहीही न बदलता. त्यावर उतारा म्हणून व्होडाफोन, ऑरेंज, डॉइचे टेलिकॉम यांसारख्या कंपन्या भाडे वजा केलेला एबिट्डा वेगळा दाखवू लागल्या. दोन्ही आकडे छापलेले असतील, तर भाडे वजा केलेला घ्यावा, असे माझे मत आहे.

चलनाचा खेळ

बहुराष्ट्रीय कंपनीचे निकाल सर्वाधिक गोंधळात टाकतात ते इथे. उपकंपनी कमावते स्थानिक चलनात आणि मूळ कंपनी हिशेब मांडते डॉलर, युरो किंवा पौंडात. समजा, एका देशातल्या उपकंपनीने गेल्या वर्षी १,००० स्थानिक एकक कमावले आणि तेव्हा एका डॉलरला १० एकक पडत होते. म्हणजे कमाई १०० डॉलर. यंदा तिने १,२०० एकक कमावले, पण आता डॉलर १६ एककांना झाला. कमाई झाली ७५ डॉलर. देशातल्या माणसाला वीस टक्के वाढ दिसते आणि मुख्यालयातल्या माणसाला पंचवीस टक्के घट. दोघेही खरे बोलत आहेत.

आता त्याच उपकंपनीवर ५० डॉलरचे कर्ज आहे असे धरू. गेल्या वर्षी ते ५०० एककांचे होते, यंदा ८०० चे झाले. नवे कर्ज एक डॉलरचेही घेतलेले नाही, तरी ताळेबंदात ३०० एककांचा तोटा उभा राहिला आणि तो सरळ नफ्या-तोट्याच्या ओळीत गेला.

नायजेरियाने जून २०२३ मध्ये नायराच्या विनिमय दरावरचे नियंत्रण सैल केले, तेव्हा हे गणित कागदावरून प्रत्यक्षात उतरले. सुमारे ४६० नायरांना मिळणारा डॉलर मार्च २०२४ अखेरीस सुमारे १,३०० नायरांवर गेला. चौदा आफ्रिकी देशांत काम करणाऱ्या आणि डॉलरमध्ये हिशेब मांडणाऱ्या एअरटेल आफ्रिकेने त्या आर्थिक वर्षाचा निकाल दिला, तेव्हा डॉलरमधला महसूल ५.३ टक्क्यांनी घटलेला होता आणि 'स्थिर चलनातला', म्हणजे दोन्ही वर्षांना एकच विनिमय दर धरून काढलेला, महसूल २०.९ टक्क्यांनी वाढलेला. करोत्तर तोटा होता ८.९ कोटी डॉलर. एमटीएन नायजेरिया नायरातच हिशेब मांडते, तरीही २०२३ मध्ये तिला १३७ अब्ज नायरांचा तोटा झाला, कारण परकीय चलनातल्या देण्यांपोटीचा विनिमय तोटाच ७४० अब्ज नायरांच्या घरात होता.

'स्थिर चलन' ही पळवाट नव्हे काय?

दोन्ही वर्षांचा हिशेब एकाच विनिमय दराने मांडला, की त्याला स्थिर चलनातली वाढ म्हणतात. दर पडणे हे व्यवस्थापनाच्या हातात नसते, म्हणून त्याने धंदा कसा चालवला हे पाहण्यासाठी हा आकडा उपयोगी आहे. मात्र भागधारकाला लाभांश स्थिर चलनात मिळत नाही आणि डॉलर कर्जाचा हप्ताही त्यात भरता येत नाही. आणखी एक गोष्ट निकालपत्रात मोठ्या अक्षरांत कधी सापडत नाही, ती म्हणजे महागाई. डिसेंबर २०२३ मध्ये नायजेरियातला महागाईचा दर २८ टक्क्यांहून अधिक होता. अशा बाजारात स्थानिक चलनातली वीस टक्के वाढ ही खऱ्या अर्थाने वाढ आहे का, हा प्रश्न विचारावाच लागतो. दर वाढवायला नियामकाची परवानगी लागते. ती नायजेरियात जानेवारी २०२५ मध्ये, ५० टक्क्यांच्या मर्यादेत मिळाली. मधल्या काळात टॉवरवरच्या जनित्रांचे डिझेल मात्र महागतच राहिले होते.

ज्या देशात तीन वर्षांची एकत्रित महागाई शंभर टक्क्यांच्या आसपास पोहोचते, तिथे लेखामानकांनुसार वेगळा, महागाईशी जुळवलेला हिशेब करावा लागतो. अर्जेंटिनाला २०१८ पासून आणि तुर्कस्तानला २०२२ पासून हा नियम लागू झाला. त्या देशांचे आकडे गटाच्या एकूण वाढीत मिसळले, की वाढीचा दर फसवा होतो. म्हणून काही कंपन्या असे देश वगळूनही वाढ सांगतात.

व्यवसाय वाढत असताना २२ अब्जांचा तोटा कसा होतो?

व्होडाफोनने २००० साली जर्मनीची मानेसमान ही कंपनी त्या काळच्या विक्रमी किमतीला घेतली. प्रत्यक्ष मालमत्तेपेक्षा जास्त मोजलेली रक्कम ताळेबंदात गुडविल म्हणून बसते. पुढे अपेक्षित कमाई त्या किमतीला पुरेशी नाही असे दिसले, की ते मूल्य खाली आणावे लागते. २००६ मध्ये व्होडाफोनने, प्रामुख्याने जर्मनी आणि इटलीतल्या व्यवसायांपोटी, असे २३.५ अब्ज पौंड उतरवले. हे पैसे त्या वर्षी खिशातून गेले नव्हते. गेले होते ते सहा वर्षांपूर्वी, तेही मुख्यतः स्वतःच्या शेअरांच्या रूपात. तोटा जाहीर होऊनही एखाद्या कंपनीचा शेअर वधारतो, त्यामागे बहुतेकदा हे कारण असते: बाजाराने ती जुनी चूक आधीच किमतीत धरलेली असते आणि तो वरच्या ओळी वाचत असतो.

याच्या उलट, एखाद्या देशातला व्यवसाय विकून बाहेर पडल्यावरही आकडे उलटेपालटे होतात. बीलाइन आणि कीवस्टार या नाममुद्रांची मालक असलेल्या व्हिऑनच्या महसुलात रशियाचा वाटा सुमारे निम्मा होता. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिने रशियातला व्यवसाय विकण्याचा करार केला आणि तो ऑक्टोबर २०२३ मध्ये पूर्ण झाला. करारानंतर रशिया 'बंद केलेला व्यवसाय' या सदरात गेला आणि तुलनेसाठी मागच्या वर्षाचे आकडेही तसेच फिरवून मांडले गेले. जुने निकालपत्र आणि नवे निकालपत्र समोरासमोर ठेवले, तर एकाच वर्षाचे दोन वेगवेगळे महसूल दिसतात.

तीन महिन्यांत असे काय कळणार?

हा आक्षेप काही नियामकांनाही पटला आहे. अमेरिकेत नोंदणी झालेल्या देशी कंपन्यांना तिमाही अहवाल द्यावाच लागतो. ब्रिटनने ही सक्ती २०१४ मध्ये काढून टाकली, म्हणून व्होडाफोनसारखी कंपनी संपूर्ण हिशेब सहामाही देते आणि मधल्या तिमाहीत मर्यादित माहितीवर भागवते. घटना एका तिमाहीत आणि तिचा परिणाम दुसऱ्या तिमाहीत, असेही होते. १२ डिसेंबर २०२३ रोजी युक्रेनच्या कीवस्टारवर मोठा सायबर हल्ला झाला आणि सुमारे २.४ कोटी मोबाइल ग्राहकांची सेवा ठप्प झाली. हल्ला वर्षाच्या शेवटच्या तिमाहीतला. पण भरपाई म्हणून ग्राहकांना महिन्याभराची सेवा मोफत दिली गेली आणि तिचा फटका २०२४ च्या पहिल्या तिमाहीच्या महसुलाला बसला. सलग चार-पाच तिमाह्या ओळीने मांडल्याशिवाय असा खड्डा घसरणीचा आहे की अपघाताचा, हे कळत नाही.

रोख आहे, पण कुठे आहे?

भाडे वजा केलेल्या एबिट्डातून भांडवली खर्च, व्याज, कर आणि स्पेक्ट्रमचे हप्ते काढले की जवळपास खरी रोकड उरते. कर्ज किती झेपेल याचा अंदाज निव्वळ कर्जाला वार्षिक एबिट्डाने भागून येतो. अडीच-तीनच्या वर हे गुणोत्तर गेले की धनको प्रश्न विचारू लागतात. तरीही बहुराष्ट्रीय कंपनीत एक गाठ सुटायची राहतेच. एकत्रित ताळेबंदातली रोख शिल्लक सर्व देशांची मिळून असते, आणि ती मूळ कंपनीपर्यंत पोहोचेलच असे नाही. युद्ध सुरू झाल्यावर, फेब्रुवारी २०२२ मध्ये, युक्रेनच्या मध्यवर्ती बँकेने पैसा देशाबाहेर नेण्यावर निर्बंध घातले. उपकंपनी कमावत राहिली, पण लाभांश वर येईना. डॉलरचा तुटवडा असलेल्या देशांत निर्बंध नसतानाही तेच होते, कारण बँकेकडे द्यायला डॉलरच नसतात. म्हणून व्हिऑनसारख्या कंपन्या एकूण रोख रकमेसोबत मुख्यालयाच्या हातात त्यातली किती आहे, हे वेगळे सांगतात. रोखे फेडायचे असतात ते त्या दुसऱ्या आकड्यातून.